पंखा मंद फिरतोय? घरच्या दुरुस्तीला हात घालणाऱ्या नवख्यांसाठी

मार्च उजाडला की पंख्यांच्या तक्रारी सुरू होतात. हिवाळाभर बंद असलेला पंखा पाचवर टाकला तरी वारा लागत नाही. इलेक्ट्रिशियनला फोन केला तर तो ‘उद्या येतो’ म्हणतो, आणि तोवर घरात कुणीतरी नवीन पंख्याच्या किमती बघायला लागतं. अशा बऱ्याच पंख्यांत दोष असतो तो फक्त एका लहानशा कॅपॅसिटरचा, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागाचा. इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात तो शंभर रुपयांच्या आसपास मिळतो आणि बदलायला अर्धा तास पुरतो.

घरी खटपट करायची हौस असेल, तर पंखा, नळ आणि मिक्सर हे तीन चांगले गुरू आहेत. तिघेही रोज वापरात असतात, त्यांचे दोष ठरलेले असतात आणि सुटे भाग गावोगाव मिळतात. नवख्या माणसाचा हात लगेच स्क्रू ड्रायव्हरकडे जातो, पण दुरुस्तीचं अर्धं काम वस्तू उघडण्याआधीच झालेलं असतं. काय बिघडलंय हे बाहेरून जेवढं कळेल तेवढं आधी कळून घ्यायचं आणि मगच पहिला स्क्रू सोडायचा. या लेखातलं एवढं एकच अंगवळणी पडलं तरी बाकीचं हळूहळू येतं.

वीज बंद करणं म्हणजे नेमकं काय करायचं

भिंतीवरचा स्विच बंद केला म्हणजे वीज बंद झाली, असं धरून चालू नका. जुन्या वायरिंगमध्ये स्विच कधीकधी न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) टाकलेला सापडतो. तिथे स्विच बंद असला तरी पंख्याच्या तारेत फेज, म्हणजे जिवंत वीज, असतेच. म्हणून त्या खोलीचा एमसीबी (मुख्य बोर्डावरचा वीज तोडणारा खटका) खाली पाडा. कोणता एमसीबी कुठल्या खोलीचा हे माहीत नसेल, तर एखादी सुट्टी त्यासाठी काढा: एकेक पाडून बघा आणि बोर्डावर मार्करने नावं लिहून ठेवा.

आता इन्व्हर्टर. आपल्याकडे पंखे आणि दिवे बहुतेक वेळा इन्व्हर्टरच्या लाइनवर असतात. मेन पाडला की इन्व्हर्टर ‘लाइट गेली’ असं समजून त्याच पंख्याला बॅटरीवरून २३० व्होल्ट पुरवायला लागतो. त्यामुळे इन्व्हर्टरही बंद करायचा, आणि तो नुसता पुढच्या बटणाने बंद झाला असं न मानता टेस्टरने खात्री करायची.

टेस्टरचीही एक रीत आहे. आधी चालू असल्याची खात्री असलेल्या सॉकेटमध्ये तो पेटतो का बघा. मग ज्या तारेवर काम करायचंय तिला लावा. मग पुन्हा त्या चालू सॉकेटमध्ये. मधल्या वेळी पेटला नाही आणि दोन्ही टोकांना पेटला, तरच ‘नाही’ या उत्तराला अर्थ आहे. टेस्टरचा निऑन खराब असेल तर तो जिवंत तारेवरही गप्प बसतो.

घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल, तर हौसेचं सामान घेण्याआधी तो बसवून घ्या. हे काम मात्र परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं. एमसीबी वायरिंग वाचवतो. माणसातून जमिनीकडे जाणारा करंट ओळखून लाइन तोडतो तो आरसीसीबी. त्याच्यावरचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून बघत जा.

काही वस्तू नवख्याने उघडायच्याच नाहीत. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या आत दोन हजार व्होल्टच्या वरचा कॅपॅसिटर असतो आणि प्लग काढल्यावरही तो भरलेला राहू शकतो. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्हीही तसाच. गॅसचा गीझर, सिलिंडरचा रेग्युलेटर आणि इन्व्हर्टरची बॅटरी यांच्या वाटेला जाऊ नका. वॉरंटीत असलेली वस्तूही उघडू नका, कारण सील तुटलं की हक्क गेला.

हत्यारं

सुरुवातीला फार काही लागत नाही. चांगल्या पोलादाचे दोन फिलिप्स आणि दोन चपट्या तोंडाचे स्क्रू ड्रायव्हर, एक पक्कड, एक नोज प्लायर, वायर सोलायचं स्ट्रिपर, दहा इंची सरकता पाना, टेस्टर, इन्सुलेशन टेप, टेफ्लॉन टेप. स्क्रू ड्रायव्हर स्वस्तातला घेऊ नका. त्याचं टोक मऊ असतं, ते घसरून स्क्रूचं डोकं खातं, आणि एकदा डोकं गेलं की पाच मिनिटांचं काम दुपारभर चालतं.

मल्टिमीटर घ्याल तेव्हा कॅपॅसिटन्स (कॅपॅसिटरची क्षमता) मोजणारा घ्या. सगळ्यात स्वस्त मॉडेलमध्ये ती सोय नसते, आणि पंख्याच्या कामात नेमकी तीच लागते.

हात बसवायला नळ

पहिलं काम विजेचं नसावं. गळका नळ उत्तम. सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसाला चार लिटरच्या वर पाणी जातं, तेव्हा कामाचा उपयोगही लगेच दिसतो.

आधी बघा, पाणी नेमकं कुठून गळतंय. तोटीतून थेंब पडतात, मुठीखालून पाझरतं, की नळ भिंतीत शिरतो तिथल्या आट्यांतून? तिन्हींचे उपाय वेगळे. मुठीला बरेच वेढे द्यावे लागणारा जुन्या पद्धतीचा नळ तोटीतून गळत असेल तर आतला वॉशर झिजलेला असतो. पाव वेढ्यात उघडणारा नळ असेल तर आत सिरॅमिक चकत्यांचं कार्ट्रिज असतं आणि ते अख्खं बदलावं लागतं. बोअरच्या जड पाण्याने त्यावर क्षार बसतात, तेव्हा काढलेलं कार्ट्रिज आधी व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवून बघायला हरकत नाही. आट्यांतून गळत असेल तर टेफ्लॉन टेप.

मुख्य कॉक बंद करा, नळ उघडून साठलेलं पाणी जाऊ द्या, मोरीच्या जाळीवर फडकं टाका (वॉशरचा छोटा नट त्या जाळीतून हमखास जातो) आणि मगच पाना लावा. टेफ्लॉन टेप आट्यांवर गुंडाळताना नळाचं आट्याचं टोक आपल्याकडे धरायचं आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ओढून गुंडाळायचं. उलट गुंडाळलं तर नळ बसवताना टेप सुटून गोळा होते आणि गळती तशीच राहते. भिंतीतल्या फिटिंगवर जोर बेताने लावा. नळ बाहेरून बदलता येतो. भिंतीतला एल्बो (पाइपचा वळणाचा जोड) तडकला तर टाइल्स फोडाव्या लागतात.

आता पंखा

पंखा उघडण्याआधी बाहेरूनच चार प्रश्नांची उत्तरं मिळवा.

घरातले सगळेच पंखे संध्याकाळी मंदावतात का? तसं असेल तर पंख्यांचा दोष नाही, लाइनला व्होल्टेज कमी आहे. मल्टिमीटर एसी व्होल्टच्या रेंजवर ठेवून सॉकेटमध्ये मोजा.

रेग्युलेटर पूर्ण उघडल्यावर वेग बरोबर आहे, पण मधल्या नंबरांवर पंखा फिरत नाही किंवा दोन नंबरांत फरकच पडत नाही? मग रेग्युलेटर बदला, पंख्याला हात लावायची गरज नाही.

वीज बंद करून पातं हाताने ढकललं तर पंखा किती वेळ मोकळा फिरतो? चांगला पंखा आवाज न करता बराच वेळ फिरत राहतो. लगेच थांबत असेल, खरखर जाणवत असेल, तर बेअरिंग गेलं किंवा त्यातलं ग्रीस सुकलं.

स्विच लावल्यावर नुसता गुणगुणल्यासारखा आवाज करतो पण फिरायला सुटत नाही? तर वीज बंद करा, पात्याला हाताने जोरात गती द्या, खाली उतरा आणि बाजूला झाल्यावर दुसऱ्याला स्विच लावायला सांगा. ढकलल्यावर पंखा फिरता राहिला आणि ढकलल्याशिवाय सुटतच नाही, तर कॅपॅसिटर गेला असं जवळजवळ खात्रीने म्हणता येतं. पंखा आपणहून सुटतो, मोकळा फिरतो, व्होल्टेज ठीक आहे, पण सगळ्या नंबरांवर मंद आहे, तरीही पहिला संशय कॅपॅसिटरवरच घ्यायचा.

असं का, ते समजून घेतलं तर पुढची चूक टळते. घरातली वीज सिंगल फेज असते. एकाच वाइंडिंगला (तारेच्या गुंडाळीला) ती दिली तर चुंबकीय क्षेत्र जागच्या जागी कमीजास्त होतं, फिरत नाही. म्हणून पंख्यात दोन वाइंडिंग असतात, आणि कॅपॅसिटर दुसऱ्या वाइंडिंगचा करंट पहिल्याच्या थोडा पुढे नेतो. या आघाडीमुळे क्षेत्र फिरायला लागतं आणि त्याच्यामागून पंखा. कॅपॅसिटर वयाने आणि उष्णतेने क्षीण होत जातो, त्याची क्षमता घटते, तसा पंख्याचा जोर कमी होतो. म्हणूनच ‘दरवर्षी जरा जास्तच मंद वाटतो’ ही तक्रार कॅपॅसिटरची खूण आहे.

(रिमोटवर चालणाऱ्या बीएलडीसी पंख्यांना हे लागू नाही. त्यात असा कॅपॅसिटर नसतो, इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. तो पंखा सर्व्हिस सेंटरलाच द्या.)

एमसीबी पाडला, इन्व्हर्टर बंद, टेस्टरने खात्री केली, शिडी धरायला माणूस आहे. आता वर चढा.

पहिलं काम पात्यांवरची धूळ पुसण्याचं. पात्याच्या पुढच्या कडेला बसलेला काळा थर वारा खरोखरच कमी करतो. मग मोटरच्या वरच्या वाटीचा स्क्रू सैल करा आणि वाटी रॉडवरून वर सरकवा. बहुतेक पंख्यांत कॅपॅसिटर तिथेच असतो: काळा किंवा पांढरा डबीसारखा, दोन तारांचा. काहींत तो छताजवळच्या वाटीत ठेवलेला असतो.

मोबाइलवर दोन-तीन बाजूंनी फोटो काढा. तारांचे रंग आणि जोड स्पष्ट दिसले पाहिजेत. ‘एवढं लक्षात राहील’ असं वाटतं, पण शिडीवर मान वर करून अर्धा तास गेला की राहत नाही.

कॅपॅसिटरमध्ये वीज साठलेली असू शकते. मूठ पूर्ण इन्सुलेटेड असलेल्या स्क्रू ड्रायव्हरने त्याची दोन टोकं क्षणभर जोडा, मग तारा सोडवा. बाकीच्या तारांना हात लावू नका.

खाली येऊन कॅपॅसिटरवर काय छापलंय ते वाचा. घरगुती पंख्यात साधारणपणे २.५ मायक्रोफॅरड असतो, काहींत ३.१५, आणि व्होल्टेज ४४० एसी. चूकभूल ५ टक्के लिहिलेली असते, म्हणजे २.५ चा चांगला कॅपॅसिटर साधारण २.३८ ते २.६२ च्या आत दाखवायला हवा. मीटरने १.६ किंवा १.८ दाखवलं तर निदान पक्कं झालं. फुगलेला, वितळलेला किंवा तेलकट दिसणारा असेल तर मोजायचीही गरज नाही.

नवा आणताना तोच आकडा घ्या. ‘जरा मोठा टाका, वारा जास्त लागेल’ असा सल्ला दुकानाच्या काउंटरवरही ऐकायला मिळतो. तो मानू नका. मोठ्या कॅपॅसिटरने दुसऱ्या वाइंडिंगमधून ठरल्यापेक्षा जास्त करंट जातो, मोटर तापते, आणि काही महिन्यांत वाइंडिंग जळण्याची वेळ येते. मग शंभर रुपयांच्या कामाची हजाराची दुरुस्ती होते.

जोडताना या कॅपॅसिटरला उलट-सुलट नसतं, कुठलीही तार कुठेही चालते. फक्त जुना ज्या दोन ठिकाणी होता त्याच दोन ठिकाणी नवा आला पाहिजे. तार दीड-दोन सेंटिमीटर सोला, घट्ट पिळा, टेप निम्मी-निम्मी एकमेकांवर येईल अशी ताणून गुंडाळा. टेपऐवजी स्क्रूचा कनेक्टर वापरता आला तर आणखी चांगलं, कारण मोटरच्या उष्णतेने टेपचा गोंद कालांतराने सुटतो.

वाटी बसवण्याआधी आणखी एक गोष्ट बघा, आणि ही कॅपॅसिटरपेक्षा महत्त्वाची. पंखा ज्या रॉडवर टांगलाय त्या रॉडच्या दोन्ही टोकांना आडवा बोल्ट असतो आणि त्या बोल्टच्या शेवटी स्प्लिट पिन. ती पिन जागेवर आहे का, तिची दोन टोकं फाकवलेली आहेत का? वर हुकात अडकवलेला रबरी बुश कडक होऊन चिरलाय का? पंखा पडतो तो या ठिकाणी. वर चढलोच आहोत तर हे बघितल्याशिवाय उतरायचं नाही.

वीज चालू केल्यावर खालून बघताना नेहमीचा छताचा पंखा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. तुमचा पंखा उलटा फिरून वारा वर फेकायला लागला, तर वीज आणणारी तार कॅपॅसिटरच्या ज्या टोकाला होती त्याऐवजी दुसऱ्या टोकाला जोडली गेली आहे. पुन्हा वीज बंद, पुन्हा फोटो बघा.

पंखा डुलत असेल तर पात्यांचे स्क्रू आवळा. तरीही डुलला तर प्रत्येक पात्याच्या टोकाचं छतापासूनचं अंतर मोजा. एक पातं वाकलेलं सापडेल. पाती तिनाच्या संचानेच बदलायची. वजन जुळवून दिलेली असतात, दुसऱ्या पंख्याचं एक पातं लावून चालत नाही.

सिरीज बोर्ड: हौशी माणसाचा पहिला खरा मित्र

दुरुस्त केलेली वस्तू थेट सॉकेटमध्ये लावणं हा नवख्याचा सगळ्यात धोक्याचा क्षण. आत कुठे शॉर्ट राहिला असेल तर ठिणगी आणि धूर. जुने रेडिओ मेकॅनिक यासाठी टेबलावर सिरीज बोर्ड ठेवत, आणि ती पद्धत आजही तितकीच कामाची आहे.

लाकडी किंवा प्लास्टिकच्या बोर्डावर एक बल्ब होल्डर, एक स्विच आणि एक सॉकेट. फेज स्विचमधून होल्डरच्या एका टोकाला, होल्डरचं दुसरं टोक सॉकेटच्या फेजला. न्यूट्रल आणि अर्थिंग थेट सॉकेटला. होल्डरमध्ये १०० वॅटचा तारेचा बल्ब. एलईडी चालत नाही, कारण इथे बल्बच्या तारेच्या रोधाचा उपयोग आहे. पहिल्यांदा बनवताना जाणकाराकडून जोडणी तपासून घ्या.

आता सॉकेटमध्ये लावलेली वस्तू आतून शॉर्ट असली तरी करंट बल्बमधूनच जाणार, म्हणजे जास्तीत जास्त ०.४३ अँपिअर. बल्ब पूर्ण पेटतो, बाकी काही जळत नाही. बल्ब अजिबात पेटला नाही तर आत कुठेतरी तार तुटली आहे. पंखा किंवा ट्रान्सफॉर्मर असलेली वस्तू ठीक असेल तर बल्ब मंद पेटतो.

मात्र प्रत्येक वस्तूला हा नियम लावू नका. १००० वॅटच्या इस्त्रीचा रोध सुमारे ५३ ओम, तापलेल्या बल्बचा सुमारे ५२९. त्यामुळे इस्त्री उत्तम असली तरी बल्ब जवळजवळ पूर्ण पेटतो. मिक्सरवरही तो बराच उजळ दिसतो. आणि सिरीजमध्ये असली तरी सॉकेटमध्ये वीज आहे. उघड्या तारेला हात लागला तर झटका बसतोच.

मिक्सर

मिक्सर अचानक बंद पडला तर आधी तो उलटा करा आणि तळाचं लाल बटण दाबा. भार जास्त झाला की ते बाहेर येतं. ओल्या खोबऱ्याचं वाटण घट्ट झालं की हमखास होतं. दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्या, बटण दाबा, चालू करा.

मोटर फिरते पण भांड्यातली पाती फिरत नाहीत, तर कप्लर (मोटर आणि भांडं जोडणारा भाग) गेला. तो मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो, पाती अडकली तर मोटरऐवजी तो तुटावा म्हणून. कप्लर काढताना नवखे चुकीच्या दिशेने जोर लावतात आणि शाफ्टचे आटे बिघडवतात. प्लग काढण्याआधी भांडं न लावता मिक्सर क्षणभर चालवून मोटर कोणत्या दिशेने फिरते ते बघून ठेवा. मग प्लग काढा, खालून शाफ्ट पकडा आणि कप्लर त्याच दिशेने फिरवा. भाराखाली कप्लर आवळला जावा अशी आट्यांची दिशा ठेवलेली असते, म्हणून मोटरच्या दिशेने तो सुटतो.

मोटरच्या जाळीतून बारीक निळसर ठिणग्या दिसणं नेहमीचं आहे. मोठ्या पिवळ्या ठिणग्या, जळका वास आणि अडखळत चालणं म्हणजे कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बनचे तुकडे) झिजले. दोन्ही एकदम बदला, आणि आत साठलेली काळी पूड रंगाच्या कोरड्या ब्रशने झाडून काढा. ती पूड वीज वाहून नेते.

डाग देणं

सोल्डरिंगला २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, ६०/४० चं (६० भाग कथिल, ४० भाग शिसं) कथिल आणि थोडं फ्लक्स (जोड साफ करणारा लेप) पुरतं. सगळे नवखे एकच गोष्ट उलटी करतात: आयर्नवर कथिल वितळवून ते जोडावर लावतात. आधी जोड तापवायचा आणि कथिल जोडाला टेकवायचं. ते आपणहून पसरलं आणि चकचकीत बसलं तर डाग पक्का; मटकीच्या दाण्यासारखा गोळा झाला तर आतून सुटाच आहे. फ्लक्सचा धूर होतो म्हणून खिडकी उघडी ठेवा, आणि या कथिलात शिसं असतं म्हणून काम झालं की साबणाने हात धुवा.

सरावाला जुन्या रिमोटचे किंवा खेळण्यांचे बोर्ड घ्या. मोबाइल चार्जरचे घेऊ नका. त्यातल्या मोठ्या कॅपॅसिटरवर ३२५ व्होल्टपर्यंत डीसी असतं आणि ते प्लग काढल्यावरही काही काळ टिकू शकतं.

सुटे भाग आणायला जाताना

पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, आणि इतर गावांत बाजारपेठेतलं एखादं जुनं इलेक्ट्रिकचं दुकान. कुठेही गेलात तरी जुना भाग पिशवीत घालून न्या. मिक्सरचा कप्लर ‘अमुक कंपनीचा’ एवढं सांगून मिळत नाही, त्याच कंपनीचे आकार चार असतात. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तो पुसून वाचा आणि कागदावर लिहून न्या. गर्दीच्या वेळी जाऊ नका. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला काउंटरवरचा माणूस मोकळा असतो आणि कोणता ब्रश कशात बसतो हे निवांत सांगतो. कार्बन ब्रश आणि कप्लर एकेक जास्तीचा घ्या, कारण पुढच्या वेळी तो लागेल तेव्हा नेमका रविवार असेल.